गळ्यातील गाठ आणि पेशींची साक्ष

समजा, तालुक्याच्या रुग्णालयात एकाच दिवशी दोन रोगी आले आहेत. पहिली छत्तीस वर्षांची शेतकरी स्त्री. तिच्या गळ्याच्या खालच्या भागात सुपारीएवढी गाठ आहे. ती दीड-दोन वर्षांपासून आहे, दुखत नाही, कामात अडथळाही आणत नाही. दुसरे बहात्तर वर्षांचे गृहस्थ. त्यांच्या गळ्यावरची गाठ जुनीच, परंतु गेल्या महिन्याभरात ती वाढून दुप्पट झाली. आवाज घोगरा झाला, घास उतरेनासा झाला. दोघांच्याही गाठीतून सुईने थोड्या पेशी काढून तपासण्यात आल्या आणि दोघांच्याही अहवालात ‘कर्करोग’ हा शब्द आला.

गावाच्या दृष्टीने दोघांचे दुर्दैव सारखेच. वस्तुतः या दोन अहवालांत जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते. योग्य उपचार झाल्यास ती स्त्री आपल्या नातवंडांची लग्ने पाहील, अशी पूर्ण आशा बाळगता येते. त्या गृहस्थांच्या बाबतीत मात्र एकेक दिवस मोलाचा असतो. हे अंतर कशाने ठरते? गाठ किती मोठी आहे यावरून ते पूर्णपणे ठरत नाही, ती दुखते की नाही यावरून तर मुळीच नाही. ते बऱ्याच अंशी ठरते काचपट्टीवर पसरलेल्या थोड्याशा पेशींच्या रूपावरून. या पेशींचे वर्गीकरण कसे करतात, त्यावरून रोगाचे भवितव्य कितपत वर्तविता येते आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याची माहिती करून घेणे केवळ डॉक्टरांच्याच नव्हे, तर गावात ज्यांचा शब्द मानला जातो अशा प्रत्येकाच्या उपयोगाची आहे.

ग्रंथीची ओळख

गळ्याच्या पुढील भागात, स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिला थायरॉइड किंवा अवटू ग्रंथी म्हणतात. प्रौढ व्यक्तीत तिचे वजन सुमारे वीस ते पंचवीस ग्रॅम भरते. अन्नातील आयोडीन रक्तातून शोषून घेऊन त्यापासून ती संप्रेरके तयार करते आणि शरीरातील चयापचयाचा वेग या संप्रेरकांच्या नियंत्रणाखाली चालतो. ही ग्रंथी श्वासनलिकेला जोडलेली असल्यामुळे घोट गिळताना ती वर-खाली होते. म्हणूनच गळ्यात गाठ असलेल्या रोग्यास डॉक्टर पाण्याचा घोट घ्यावयास सांगतात. घोटाबरोबर हलणारी गाठ बहुधा थायरॉइडची असते.

सूक्ष्मदर्शकाखाली या ग्रंथीत दोन प्रकारच्या पेशी दिसतात. पहिल्या प्रकारच्या पेशी लहान लहान गोलाकार पिशव्यांच्या भिंतीप्रमाणे रचलेल्या असतात. या पिशव्यांना पुटके म्हणतात आणि आयोडीन शोषून संप्रेरक बनविण्याचे काम याच पेशी करतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी संख्येने थोड्या असून त्या पुटकांच्या मधल्या जागेत असतात. त्या कॅल्सिटोनिन नावाचे वेगळे संप्रेरक निर्माण करतात. कर्करोग या दोन्ही प्रकारच्या पेशींत उद्भवू शकतो आणि तो कोणत्या पेशींत उद्भवला यावर पुढील उपचार अवलंबून असतात.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गळ्यातील गाठ म्हणजे कर्करोग नव्हे. हाताला लागेल अशी थायरॉइडची गाठ शंभर प्रौढांपैकी चार ते सात जणांत सापडते. सोनोग्राफी केल्यास तर हे प्रमाण कितीतरी पटींनी वाढते. स्त्रियांमध्ये व उतारवयात अशा गाठी विशेष आढळतात. या गाठींपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास गाठी निरुपद्रवी असतात. आयोडीनच्या अभावाने होणारा गलगंड हाही कर्करोग नव्हे. तेव्हा खरा प्रश्न आहे तो या असंख्य निरुपद्रवी गाठींतून मोजक्या धोकादायक गाठी निवडून काढण्याचा. शिवाय ही निवड सरसकट सर्वांचा गळा न चिरता झाली पाहिजे.

सुईची तपासणी

शरीराच्या रोगट भागाचा सूक्ष्म अंश काढून तो तपासण्याच्या पद्धतीस बायॉप्सी किंवा जीवोतक परीक्षा म्हणतात. थायरॉइडच्या बाबतीत यासाठी चाकू लावावा लागत नाही. इंजेक्शनच्या सुईसारखी, किंबहुना तिच्याहूनही बारीक अशी सुई गाठीत घालून ती थोडी मागे-पुढे केली की, तिच्या पोकळीत काही पेशी येतात. या पेशी काचपट्टीवर पसरवून, विशिष्ट रंगांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. स्वीडनमधील निल्स सॉडरस्ट्रॉम यांनी १९५२ साली थायरॉइडमधील गाठी सुईने तपासण्याविषयीचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्यानंतर स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेतील तज्ज्ञांनी ही पद्धत पूर्णत्वास नेली आणि पुढे ती जगभर रूढ झाली.

या तपासणीस काही मिनिटे पुरतात. रोग्यास उताणे झोपवून खांद्याखाली उशी देतात, म्हणजे गळा पुढे येतो. सुई गाठीत नेमकी कोठे शिरते आहे, हे आता सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहता येते. रुग्णालयात राहण्याची गरज पडत नाही. सुई टोचल्याने कर्करोग ‘चाळवतो’ आणि अंगभर पसरतो, अशी समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. थायरॉइडच्या बाबतीत सुईच्या मार्गात रोगाच्या पेशी रुजल्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत. उलट या भीतीपोटी तपासणीच टाळल्यामुळे होणारे नुकसान खरे आणि मोठे असते.

प्रत्येक गाठीत सुई घालण्याचेही कारण नाही. सोनोग्राफीत गाठ कशी दिसते, तिच्या कडा वेड्यावाकड्या आहेत काय, तिच्यात चुनखडीसारखे बारीक कण आहेत काय, हे पाहून निर्णय घेतात. एक सेंटिमीटरहून लहान गाठीत सर्वसाधारणपणे सुई घालत नाहीत.

पहिला प्रश्न : कर्करोग आहे काय?

सुईने काढलेल्या पेशींचा अहवाल कसा लिहावा, याविषयी दीर्घकाळ एकवाक्यता नव्हती. एका प्रयोगशाळेत जिला ‘संशयास्पद’ म्हणत, तिलाच दुसरीकडे ‘अनिश्चित’ म्हणत. त्यामुळे अहवाल वाचणाऱ्या शल्यविशारदास नेमके काय करावे, हे कळत नसे. गर्भाशयमुखाच्या पेशींच्या तपासणीत असाच गोंधळ होता आणि तो दूर करण्यासाठी अमेरिकेतील बेथेस्डा येथे १९८८ साली एक सामायिक परिभाषा ठरविण्यात आली होती. त्याच धर्तीवर ऑक्टोबर २००७ मध्ये बेथेस्डा येथेच थायरॉइडच्या तज्ज्ञांची परिषद भरली आणि सहा वर्गांची एक पद्धत निश्चित झाली. तिला ‘बेथेस्डा पद्धती’ म्हणतात. २०१७ आणि २०२३ साली तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. आपल्याकडील प्रयोगशाळांच्या अहवालांतही आज हीच परिभाषा मोठ्या प्रमाणावर आढळते. त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी मिळालेला अहवाल मुंबईच्या डॉक्टरांनाही त्याच अर्थाने वाचता येतो. हे सहा वर्ग असे :

पहिला वर्ग, अपुरा नमुना. काचपट्टीवर स्पष्ट दिसणाऱ्या, प्रत्येकी किमान दहा पेशींच्या निदान सहा गटांची अपेक्षा असते. तेवढ्या पेशी न मिळाल्यास नमुना सामान्यतः अपुरा मानतात. याचा अर्थ ‘काही निघाले नाही’ असा नव्हे. याचा अर्थ तपासणी पुन्हा करावयाची आहे.

दुसरा वर्ग, निरुपद्रवी. यात कर्करोग निघण्याची शक्यता सरासरी ४ टक्के असते. शस्त्रक्रियेची सहसा गरज नसते. ठरावीक काळाने गाठ पुन्हा पाहावी लागते.

तिसरा वर्ग, अनिश्चित. पेशी पूर्णपणे नेहमीसारख्या नाहीत, परंतु त्यांना दोषी ठरविण्याइतका पुरावाही नाही. कर्करोगाची शक्यता सरासरी २२ टक्के.

चौथा वर्ग, पुटकीय पेशींची गाठ. येथे पेशी दाटीने व लहान लहान पुटकांच्या रूपाने दिसतात. शक्यता सरासरी ३० टक्के.

पाचवा वर्ग, कर्करोगाचा दाट संशय. शक्यता सरासरी ७४ टक्के.

सहावा वर्ग, कर्करोग. शक्यता सरासरी ९७ टक्के.

येथे दिलेल्या टक्केवाऱ्या २०२३ च्या आवृत्तीतील आहेत. त्या मुख्यतः ज्यांची शस्त्रक्रिया झाली अशा रोग्यांवरून काढलेल्या आहेत, हे ध्यानात ठेवावे. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया करण्याची गरजच वाटली नाही, असे अनेकजण हिशेबाबाहेर राहतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्गातील रोग्यांचा प्रत्यक्षातील धोका या आकड्यांहून कमी असण्याचा संभव आहे.

या पद्धतीचे मर्म असे की, प्रत्येक वर्ग हा एका सल्ल्याशी जोडलेला आहे. पहिल्या वर्गात सुई पुन्हा टोचावी, दुसऱ्यात लक्ष ठेवावे, तिसऱ्यात तपासणी पुन्हा करावी किंवा पेशींतील जनुकांची चाचणी करावी, चौथ्यात ग्रंथीचा एक भाग काढून तो तपासावा, पाचव्या व सहाव्या वर्गात बहुधा शस्त्रक्रिया करावी. अहवालातील वर्ग म्हणजे न्यायालयाने सुनावलेली शिक्षा नव्हे. पुढचे पाऊल कोणते टाकावे, याचा तो दर्शक आहे. अर्थात अंतिम निर्णय सोनोग्राफी, रोग्याचे वय आणि प्रकृती यांचा विचार करून डॉक्टर घेतात.

दुसरा प्रश्न : कोणत्या जातीचा?

कर्करोग आहे एवढे कळल्याने काम संपत नाही. रोगाचे भवितव्य, म्हणजे वैद्यकाच्या भाषेत फलानुमान, ठरविण्यासाठी त्याची जात कळावी लागते. थायरॉइडच्या कर्करोगाच्या चार प्रमुख जाती आहेत आणि त्यांच्या स्वभावात विलक्षण फरक आहे.

पहिली जात पॅपिलरी. थायरॉइडच्या दहा कर्करोगांपैकी सुमारे आठ या जातीचे असतात. सुईने काढलेल्या पेशींत ही जात ओळखण्याची खूण पेशींच्या केंद्रकात असते. केंद्रके मोठी, फिकट व एकमेकांवर चढलेली दिसतात. त्यांच्यावर गव्हाच्या दाण्यावर असते तशी उभी खाच असते आणि काही केंद्रकांत गोल पोकळीसारखा भाग दिसतो. ही चिन्हे इतकी बोलकी असतात की, पुष्कळदा सुईच्या तपासणीनेच निदान पक्के होते. हा रोग गळ्यातील लसिका ग्रंथींत पसरत असला, तरी त्याची गती मंद असते. योग्य उपचार मिळाल्यास शंभरांतील नव्वदांहून अधिक रोगी दहा वर्षांनंतरही हयात असतात. मात्र या जातीतही काही पोटजाती अधिक आक्रमक असतात. ज्या पेशींची उंची त्यांच्या रुंदीच्या तिपटीइतकी वा त्याहून अधिक असते, अशा उंच पेशींची पोटजात त्यांपैकी एक होय.

दुसरी जात फॉलिक्युलर, म्हणजे पुटकीय. ही लसिका ग्रंथींपेक्षा रक्तावाटे पसरते व फुप्फुसांत आणि हाडांत जाऊन बसते. तिचे फलानुमान पॅपिलरीपेक्षा किंचित कमी, परंतु तरीही चांगलेच असते. जेथे आहारात आयोडीनची कमतरता असते, तेथे या जातीचे प्रमाण तुलनेने अधिक आढळते.

तिसरी जात मेड्युलरी. ही पुटकांच्या पेशींत नव्हे, तर कॅल्सिटोनिन निर्माण करणाऱ्या पेशींत उद्भवते. अमेरिकेतील हॅझार्ड, हॉक व क्राइल यांनी १९५९ साली तिचे स्वतंत्र वर्णन केले. तिचे प्रमाण शेकडा तीन ते पाचच्या आसपास आहे. सुमारे तीन-चतुर्थांश रोगी दहा वर्षे जगतात. या जातीचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. दर चार रोग्यांपैकी सुमारे एकात हा रोग आनुवंशिक असतो. त्यास कारण होणारा ‘रेट’ या जनुकातील दोष १९९३ साली उघडकीस आला. त्यामुळे अशा रोग्याच्या भावंडांची व मुलांची रक्ततपासणी करून, रोग होण्यापूर्वीच धोका ओळखता येतो. काही कुटुंबांत तर मुलाला पाच वर्षे पूर्ण होण्याच्या आतच ग्रंथी काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. एका व्यक्तीच्या गळ्यातून काढलेल्या पेशी अशा रीतीने एका संपूर्ण कुटुंबाचे रक्षण करू शकतात.

चौथी जात ॲनाप्लास्टिक. सुदैवाने ही अतिशय विरळ असून शंभरांत एक किंवा दोन रोग्यांत आढळते. बहुधा साठी उलटलेल्यांना होते. यातील पेशींनी आपले मूळ रूप पूर्णपणे टाकलेले असते. त्या लहान-मोठ्या, वेड्यावाकड्या आणि राक्षसी केंद्रके असलेल्या दिसतात. हा मनुष्याला होणाऱ्या अत्यंत भयंकर कर्करोगांपैकी एक आहे. आजवरच्या अनुभवानुसार निम्म्याहून अधिक रोगी निदानानंतर साधारणपणे सहा महिन्यांच्या आत दगावतात. तरीही येथे हातपाय गाळण्याचे कारण नाही. काही रोग्यांच्या पेशींत ‘बीआरएएफ’ या जनुकात एक विशिष्ट बदल असतो. अशा रोग्यांसाठी डॅब्राफेनिब व ट्रामेटिनिब ही औषधे एकत्र देण्यास २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणून या जातीचा संशय येताच पेशींची जनुकीय चाचणी तातडीने करतात.

जात ओळखण्याचा आणखी एक व्यावहारिक लाभ आहे. पॅपिलरी व फॉलिक्युलर या जातींच्या पेशी सहसा मूळच्या पेशींप्रमाणे आयोडीन शोषून घेतात. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या किंवा दूर पसरलेल्या रोगावर किरणोत्सर्गी आयोडीनचा मारा करता येतो. रोगी ते औषध पोटात घेतो आणि ते थेट त्या पेशींपर्यंत पोचते. मेड्युलरी व ॲनाप्लास्टिक जातींच्या पेशी आयोडीन शोषीत नाहीत, म्हणून त्यांच्यावर या उपायाचा उपयोग होत नाही. जात चुकली तर उपचारही चुकतात, तो असा.

सुई जेथे थांबते

पेशींच्या या साक्षीला एक महत्त्वाची मर्यादा आहे. पुटकीय पेशींची साधी गाठ आणि पुटकीय कर्करोग, या दोहोंतील पेशी दिसावयास सारख्याच असतात. फरक पेशींच्या रूपात नसून वर्तनात असतो. गाठीभोवती जे वेष्टन असते ते भेदून पेशी बाहेर पडल्या आहेत काय, रक्तवाहिन्यांत शिरल्या आहेत काय, यावर कर्करोग ठरतो. सुई पेशी बाहेर काढते, वेष्टन काढीत नाही. घरातील माणसे बाहेर बोलावून पाहिली, तरी कुंपण कोठे मोडले आहे हे त्यावरून कळत नाही, तसेच हे आहे. म्हणून चौथ्या वर्गाच्या रोग्यास ग्रंथीचा तो अर्धा भाग काढून, संपूर्ण वेष्टनासह तपासण्याचा सल्ला देतात. अशा रोग्यांपैकी बहुसंख्यांना अखेरीस कर्करोग नाही असेच निष्पन्न होते. ‘डॉक्टरांनी विनाकारण गळा कापला’ अशी तक्रार अशा वेळी ऐकू येते. ती अज्ञानमूलक आहे, कारण ही शस्त्रक्रिया उपचाराइतकीच निदानासाठीही केलेली असते.

येथे एक दिलासाही आहे. तिसऱ्या आणि चौथ्या वर्गातील गाठींतून जे कर्करोग निघतात, त्यांत मंद प्रकृतीच्या जातींचे प्रमाण बरेच असते. वर्ग अनिश्चित असला की रोग अधिक भयंकर, असे समजू नये.

तिसरा प्रश्न : पुढे काय?

पेशींची जात कळली, तरी फलानुमानाचे चित्र तेवढ्याने पूर्ण होत नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील तज्ज्ञांनी पॅपिलरी कर्करोगासाठी १९९३ साली जी गुणपद्धती मांडली, तिच्यात पाच गोष्टी धरल्या आहेत : रोग दूरच्या अवयवांत पोचला आहे काय, रोग्याचे वय, शस्त्रक्रियेत रोग संपूर्ण निघाला काय, रोगाने ग्रंथीबाहेर आक्रमण केले आहे काय आणि गाठीचा आकार.

यांपैकी वयाचे महत्त्व थायरॉइडच्या बाबतीत अनन्यसाधारण आहे. कर्करोगाच्या पायऱ्या ठरविण्याच्या सध्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत पॅपिलरी व फॉलिक्युलर जातींसाठी पंचावन्न वर्षे ही सीमारेषा मानली आहे. पूर्वी ती पंचेचाळीस होती. पंचावन्न वर्षांखालील रोग्याच्या फुप्फुसात रोग पोचला असला, तरी तो चार पायऱ्यांपैकी दुसऱ्याच पायरीवर गणला जातो. याउलट ॲनाप्लास्टिक जातीत गाठ कितीही लहान असली, तरी रोग चौथ्या पायरीवरचाच मानतात. प्रारंभी ज्या दोन रोग्यांचा उल्लेख केला, त्यांच्या अहवालांतील अंतर येथे स्पष्ट व्हावे.

नाव बदलते तेव्हा

वर्गीकरण हा केवळ प्रयोगशाळेतील नामकरणविधी नव्हे, हे २०१६ सालच्या एका घटनेवरून दिसून येते. पॅपिलरी कर्करोगाची एक पोटजात अशी होती की, तिच्या पेशी कर्करोगासारख्या दिसत, परंतु गाठ आपले वेष्टन कधीच ओलांडीत नसे. सात देशांतील चोवीस विकृतिशास्त्रज्ञांनी अशा १०९ रोग्यांचा दहा ते सव्वीस वर्षांचा वृत्तांत तपासला. त्यांपैकी एकाचाही रोग उलटला नव्हता आणि सर्वजण हयात होते. तेव्हा या गाठीच्या नावातून ‘कर्करोग’ हा शब्दच काढून टाकण्यात आला. पेशी पूर्वीच्याच राहिल्या, पण नाव बदलले. त्याबरोबर संपूर्ण ग्रंथी काढणे, किरणोत्सर्गी आयोडीन देणे आणि रोग्याने आयुष्यभर भीतीच्या छायेत वावरणे, यांतून पुष्कळांची सुटका झाली.

निदानाचा अतिरेकही हानिकारक ठरतो, याचे उदाहरण दक्षिण कोरियाने जगापुढे ठेवले. तेथे तक्रार नसलेल्या लोकांचीही सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. परिणामी २०११ साली थायरॉइडच्या कर्करोगाचे निदान होण्याचे प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झाले, परंतु या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण मात्र होते तेवढेच राहिले. ज्या बारीक गाठींनी कधीच त्रास दिला नसता, त्यांच्यासाठी हजारो लोकांच्या शस्त्रक्रिया झाल्या. याउलट जपानमधील कोबे शहरातील कुमा रुग्णालयाने १९९३ पासून एक सेंटिमीटरपर्यंतच्या पॅपिलरी गाठींवर, रोग्याच्या संमतीने, केवळ लक्ष ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वृत्तांतात १,२३५ रोग्यांची माहिती आहे. दहा वर्षांत सुमारे आठ टक्के रोग्यांची गाठ वाढली आणि या रोगाने एकही मृत्यू झाला नाही. पेशींची ओळख पक्की असेल, तर थांबणे हाही उपचार ठरू शकतो.

आपले कर्तव्य

महाराष्ट्रात या रोगाच्या उपचारांची परंपरा जुनी आहे. मुंबईत परळ येथे १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय कार्यरत आहे, तर भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून थायरॉइडच्या रोग्यांना किरणोत्सर्गी आयोडीनचे उपचार देत आले आहे. वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालयांत सुईची तपासणी होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचारांचा समावेश आहे. सोयी आहेत, परंतु रोगी आणि सोय यांच्यामध्ये भीती, गैरसमज व आळस यांची भिंत उभी असते. ती पाडण्याचे काम गावातच झाले पाहिजे.

शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायतीचे सदस्य यांनी पुढील गोष्टी लोकांच्या मनावर बिंबवाव्यात. गळ्यातील कोणतीही गाठ एकदा डॉक्टरांना दाखवावी. गाठ झपाट्याने वाढत असेल, टणक होऊन जागच्या जागी घट्ट बसली असेल, आवाज बसला असेल, गिळण्यास वा श्वास घेण्यास त्रास होत असेल, तर त्यात एक आठवड्याचाही विलंब करू नये. लहानपणी गळ्यावर किरणोपचार झाले असतील किंवा कुटुंबात कोणाला हा रोग झाला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. सुईला भिऊ नये. गाठीवर लेप, डाग किंवा चटके देण्यात वेळ दवडू नये. अहवाल आणि काचपट्ट्या हरवू नयेत. मोठ्या रुग्णालयात जाताना दोन्ही बरोबर न्याव्यात, कारण तेथील तज्ज्ञ पुष्कळदा त्याच पेशी पुन्हा तपासतात. अहवाल ‘अपुरा’ आला तर काम संपले असे समजून घरी बसू नये आणि ‘निरुपद्रवी’ आला तरी सांगितलेल्या वेळी पुन्हा जावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘कर्करोग’ हा शब्द ऐकताच रोग्याला घरातल्यांनी व गावाने मनातून निरोप देऊ नये. ज्या रोगातून शंभरांपैकी नव्वदांहून अधिक माणसे दहा-दहा वर्षे आणि त्याहूनही पुढे जगतात, त्या रोगाच्या नावाने घाबरून उपचार अर्धवट सोडणारी तरुण स्त्री ही आपल्या सर्वांच्या अज्ञानाची बळी ठरते. तिच्या शेजाऱ्यांनी तिला विचारावयाचा पहिला प्रश्न ‘आता किती दिवस?’ हा नसावा. ‘पेशी कोणत्या जातीच्या निघाल्या आणि डॉक्टरांनी पुढे काय करावयास सांगितले?’ हा असावा. हा प्रश्न गावोगाव विचारला जाऊ लागेल, त्या दिवशी काचपट्टीवरील त्या थोड्याशा पेशींनी दिलेली साक्ष खऱ्या अर्थाने कारणी लागेल.